जावयाची सुट्टी

नऊला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि बाबारावांनी पेपरातून डोकं वर न काढता आत हाक दिली,

"आले."

आत शोभाताईंनी पदर डोक्यावर सारखा केला, गॅसवर कढई चढवली आणि एक लांब सुस्कारा सोडला. जावई घरी आला की त्याचं करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी वडाभात, तिसऱ्या दिवशी पाटवडीचा रस्सा. चौथ्या दिवशी त्यांनी उन्हाच्या धगीत उभं राहून सांबारवड्या तळल्या. आज सव्विसावा दिवस होता आणि कढईत साधे पोहे पडणार होते. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणत. पण ग्रहसुद्धा कधीतरी घर बदलतात. हा रोज नऊला याच घरात हजर.

पियूषनं स्कूटर भिंतीला लावली, अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि सासऱ्यांना "काय मामाजी" म्हणत तो थेट आतल्या खोलीत गेला. तिथं रितिका होती आणि सव्वा महिन्याची भैरवी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं रितिका महाल भागातल्या या घरी आली होती. त्या रिवाजात जावयानं बारशाला यायचं असतं, पाटावर बसून जेवायचं असतं, नवा सदरा घ्यायचा असतो आणि संध्याकाळी जायचं असतं. पियूष बारशाला आला, जेवला, सदराही घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला.

"कंपनी स्वीडनची आहे मामाजी," त्यानं तेव्हा सांगितलं होतं. "पोरगं झालं का बापालेही सुट्टी. सोळा आठवडे, पगारी. आईची वेगळी, बापाची वेगळी. बापानं नाही घेतली तं वाया जाते."

डॉक्टर इंग्रजीत बोलू लागला की मान हलवतात तशी बाबारावांनी मान हलवली होती. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर त्यांनी चौतीस वर्षं तिन्ही शिफ्ट केल्या. सुट्टी कशाला मिळते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नाला मिळते, वडील गेले तर मिळते, कावीळ झाली तर मिळते. कोंबड्यानं अंडं दिलं असं कुणी येऊन सांगितलं असतं, तर त्यांनी निदान खुराड्यात वाकून पाहिलं असतं. बापाला बाळंतपणाची सुट्टी, ही गोष्ट वाकून पाहण्याच्याही पलीकडची होती.

तरी पंधरा-वीस दिवस ते गप्प राहिले. मग एकेक गोष्ट त्यांच्या नजरेत भरू लागली. पियूषच्या गळ्यात कायम असायचं ते कंपनीचं ओळखपत्र दिसेना. पाठीवरची लॅपटॉपची बॅगही दिसेना. तिच्या जागी आता एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यातून धुतलेले लंगोट डोकावायचे. समोरच्या गच्चीवरून सुहासिनीबाईंनी विचारलंच,

"बाबारावजी, जावयाले सुट्टी आहे का जी? रोज दिसून राहिले."

"रात्रपाळी आहे," बाबाराव म्हणाले आणि खोटं बोलल्याबद्दल दिवसभर स्वतःवर चिडून राहिले.

गुरुवारी मात्र कहर झाला. पियूष अंगणात फोनवर बोलत होता, आणि बाबाराव तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं तिथंच होते.

"मी आता तिथं नाही ना," पियूष सांगत होता. "माझा लॅपटॉप जमा आहे. तुमचं तुम्हीच पाहा आता."

तांब्या तसाच हातात राहिला. बाबारावांना धोंडबा आठवला.

धोंडबा त्यांच्याच शिफ्टचा. एकदा साहेबाशी बाचाबाची झाली आणि तो सस्पेंड झाला. फाटकावर आधी त्याचा पास काढून घेतला, मग त्याला बाहेर काढलं. घरी त्यानं काही सांगितलं नाही. अडीच महिने तो रोज डबा घेऊन वेळेवर निघायचा आणि गांधीसागर तलावाच्या कठड्यावर बसून माशांना पोळी टाकायचा. ज्या माणसाची नोकरी जाते तो वेळ फार पाळतो, हे बाबारावांनी तेव्हा पाहिलं होतं. हा जावईही नऊला पाच कमी असताना येत होता, एक दिवस चुकला नव्हता. बिचाऱ्यानं बसायला तलाव न शोधता सासुरवाडी शोधली होती, एवढाच काय तो फरक.

त्यांनी शोभाताईंना सांगितलं नाही, रितिकाला तर नाहीच. ओल्या बाळंतिणीच्या कानावर असलं घालतात का? पण पोरीचं कसं होणार, या विचारानं त्यांना दुपारी डोळा लागेना. शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते धरमपेठेत ओमप्रकाशच्या दुकानी जायला निघाले. जाताना "अडला हरी" ही म्हण त्यांच्या मनात आली. पुढचे शब्द आठवताच त्यांनी ती तिथंच तोडली, कारण ओमप्रकाशला गाढव म्हणण्याची सोय नव्हती. गाढवपणा झाला असेल तर तो बाबारावांचाच होता.

ओमप्रकाशचं पंखे, मोटारी आणि कूलरचं दुकान होतं. दोघं एका गावचे, एका शाळेतले. पाच वर्षांपूर्वी ओमप्रकाशनं आपल्या आयुषसाठी रितिकाला मागणी घातली होती, आणि बाबारावांनी नाही म्हटलं होतं. त्यानंतर लग्नाकार्यात नमस्कार होई, तेवढाच.

एप्रिलचं ऊन होतं आणि दुकानासमोर कूलरच्या जाळ्यांची चळत फुटपाथवर आली होती. आत ओल्या वाळ्याचा वास होता. गल्ल्यावर आयुष, आणि खुर्चीत ओमप्रकाश.

"या, बाबाराव. कूलर पाहिजे का?"

"नाही जी ओमप्रकाशजी. घरी बाळंतीण आहे, यंदा कूलर बंदच." बाबारावांनी बालपणापासून या माणसाला "काय गा" याशिवाय हाक मारली नव्हती. आज "जी" आपोआप आलं आणि ते दोघांनाही ऐकू आलं.

"मंग?"

"जावयासाठी आलो." त्यांनी रुमालानं मान पुसली. "नोकरी गेली त्याची."

ओमप्रकाश पुढं सरकला. "अरे बापा! त्यानं सांगितलं का?"

"असं सांगते का कोणी? सुट्टी आहे म्हणते. पोरगी सांभाळाले कंपनीनं सोळा आठवडे सुट्टी देल्ली म्हणते, पगारी. रोज नऊले घरी येते अन् रात्री आठले जाते."

"पोरगी सांभाळाले? बापाले?"

"तेच तं."

ओमप्रकाश हसला, पण बाबारावांचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. गल्ल्यावर आयुष बिल लिहीत होता, त्याचा पेन थांबला.

"तुह्या दुकानात..." बाबाराव अडखळले. "तुमच्या दुकानात एखादी जागा असली तं. पोरगा शिकलेला आहे. हिशेब, कम्प्युटर, सगळं येते."

ओमप्रकाश खुर्चीत मागं टेकला.

"पाच वर्षांपूर्वी तुम्ही काय म्हटलं होतं, आठवते का बाबाराव? म्हटलं होतं, दुकानदाराले बारा महिने सुट्टी नसते. माही पोरगी सणावारालेही एकटी राहीन."

"म्हटलं होतं."

"लागलं होतं मले."

बाबारावांनी मान खाली घातली. ओमप्रकाशनं एवढं बोलून घेतलं आणि मग तो मोकळा झाला.

"सोमवारी पाठवा. सीझन आहे, माणूस लागतेच. जावई काय एकाचा असते का? गावाचा असते."

बाबाराव बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. उन्हाचं निमित्त होतं, म्हणून बरं. स्कूटरला किल्ली लावत होते तोच आयुष मागून आला.

"काका, ते रोज येतात? रोज?"

"रोज," बाबाराव ओशाळून म्हणाले. "पोरीले आंघोळ घालते, तिचे लंगोट धुते. आता काय सांगू तुले."

"ओळखते का त्यायले?"

"कोण?"

"पोरगी."

बाबारावांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "ओळखते ना. त्याचा आवाज आला का चूप होते."

आयुषनं मान हलवली. "माही साडेतीन महिन्याची झाली. उमरेडले आहे, अपेक्षाच्या माहेरी. बारशाले जाऊन आलो होतो." एवढं बोलून तो आत गेला. आतून ओमप्रकाश कुणाला तरी दोन फुटी कूलर दाखव म्हणून ओरडत होता.

रविवारी सकाळी पियूष गच्चीवर दुपटी वाळत घालत होता. बाबाराव जिना चढून गेले. जिना चढताना त्यांनी वाक्य तीन वेळा जुळवलं होतं.

"जवाईबापू, उद्या धरमपेठले जा लागते."

"काही आणायचं आहे का मामाजी?"

"आणायचं नाही. कामाले." मग जुळवलेलं सगळं विसरून ते भडाभडा बोलले. "लाज नका वाटू देऊ. नोकरी काय, जाते अन् येते. माह्यापासून काहून लपवता? ओमप्रकाश आपला माणूस आहे, मी बोललो त्याच्याशी. रितूले मी काही सांगितलं नाही."

पियूषच्या तोंडात चिमटा होता. तो त्यानं काढला, दुपट्याला लावला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तो हसेल किंवा चिडेल, असं बाबारावांना वाटलं. तो खाली गेला, स्कूटरची डिक्की उघडली आणि वर येऊन त्यानं सासऱ्यांच्या हातात ओळखपत्र ठेवलं. निळी फीत, त्याचा फोटो, खाली नाव.

"भैरवीच्या गालाले याची कडा लागत होती. म्हणून काढून ठेवलं."

बाबारावांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. नोकरी गेली की आधी हेच घेतात. धोंडबाचं तर फाटकावरच घेतलं होतं.

"अन् लॅपटॉप?"

"तो मीच जमा केला. जवळ असला का लोक फोन करतात, हे पाहून दे, ते पाहून दे. सुट्टीत काम केलं तं तिकडून बोलणी बसतात."

"म्हणजे हे खरं आहे?"

"खरं आहे मामाजी." पियूषनं बादलीतलं पुढचं दुपटं पिळलं. "या वर्षी ऑफिसात पाच जणायले पोरं झाली. सुट्टी मी एकट्यानंच घेतली. बाकीच्यायच्या घरचेच नाही म्हणाले, लोक काय म्हणतीन. तिकडच्या लोकायले वाटते, बाप घरी नसला तं काहीतरी बिघडलं. आपल्याकडं बाप घरी दिसला का वाटते, काहीतरी बिघडलं."

बाबाराव कठड्यावर टेकले. पोरीचं सगळं ठीक आहे, या जाणिवेनं त्यांना इतकं हलकं वाटलं की शुक्रवारची लाजही क्षणभर विसरायला झालं. तेवढ्यात खालून भैरवीचं रडणं सुरू झालं. पियूषनं जिन्यातूनच आवाज दिला, "आलो वं, आलो," आणि तो दोन पायऱ्या उतरायच्या आत रडणं थांबलं.

बाबारावांना आत काहीतरी टोचलं. हेवाच होता तो, दुसरं काही नाही.

दुपारी त्यांनी शोभाताईंना सगळं सांगितलं. शोभाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसता पुसता म्हणाल्या,

"रितू झाली तवा धोंडबाभाऊजी म्हणाले होते ना तुमाले, तू जा उमरेडले सासुरवाडीले, तुही ड्युटी मी करतो?"

"म्हणाला होता."

"मंग काहून नाही आले?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. बाबाराव तेव्हा धोंडबाला जे म्हणाले होते, तेच त्यांनी आता सांगितलं. "मले वाटलं, तिथं माहं काय काम? बाया आहेत ना."

"बारशाले आले तुम्ही. दोनच्या बसनं आले अन् पाचच्या बसनं गेले." शोभाताईंच्या आवाजात तक्रार नव्हती. "चार महिन्यांनी घरी आलो आम्ही, तं पोरगी आठ दिवस तुमाले पाहून रडे. नवव्या दिवशी तुमच्या शर्टाचं बटन धरलं तिनं."

"तुले आठवते?"

"मले नाही तं कोणाले आठवीन?"

सोमवारी बाबाराव एकटेच धरमपेठेत गेले. तोंड लपवण्यात अर्थ नव्हता. जावयाची नोकरी शाबूत आहे, माझंच चुकलं, असं सांगून माफी मागायची आणि परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुकानासमोर ही गर्दी. गल्ल्यावर ओमप्रकाश स्वतः बसला होता. चष्मा कपाळावर ढकलून तो बिलबुकात नाक खुपसून होता आणि चार गिऱ्हाइकं एकदम बोलत होती. बाबारावांना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"आले का? जावई कुठं आहे?"

"आयुष कुठं आहे?" बाबारावांनी उलट विचारलं.

"उमरेडले." ओमप्रकाशनं पेन आपटला. "काल म्हणाला, बाबा, सोळा आठवडे नाही मागत, चार द्या. मी म्हटलं, लेका, ऐन सीझनमध्ये? तं म्हणते, काकाचा जावई सोमवारपासून येऊनच राहिला, जागा भरली ना. यावर मी काय बोलू? तोंडच नाही ठेवलं मले."

"दोनच्या बसनं गेला?"

"दोनची कसली! सकाळच्या पहिल्या बसनं. मी उठलो तं खाट रिकामी." रागातल्या या वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज जरा मऊ झाला. "जाताना पोरीच्या झोळण्याची दोरी घेऊन गेला इथूनच. जावई येते ना पण?"

बाबारावांनी खरं ते सांगितलं. ओळखपत्राचं सांगितलं, सुट्टी खरीच आहे हेही सांगितलं. ओमप्रकाश ऐकत राहिला. शेवटी त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"मंग बोलावतो त्याले परत. माह्यानं एकट्यानं होत नाही बाबाराव. आता पोहोचलाच असन."

त्याचं बोट आयुषचं नाव शोधू लागलं. गल्ल्यावर एक बाई कूलरचा पंप घेऊन उभी होती. जळाला, नवाच द्या, असं ती दहा मिनिटांपासून सांगत होती. बाबारावांनी तो पंप तिच्या हातून घेतला. उलटा केला, खालची जाळी काढली, बोटानं आतला कचरा ओढून काढला आणि पातं फिरवून पाहिलं.

"जळाला नाही बाई. वाळा अडकला होता. घेऊन जा, चालते."

मग ते गल्ल्याला वळसा घालून आत आले आणि आयुषच्या स्टुलावर बसले. स्टूल जरा उंच होतं. त्यांनी पाय दांडीवर टेकवले.

"फोन ठेव गा ओमप्रकाश."

ओमप्रकाशनं फोन कानापासून खाली आणला. पलीकडे रिंग वाजत होती, ती त्यानं बंद केली.

"तुम्ही बसता?" मग तोही पूर्वीसारखा बोलला. "अबे, किती दिवस बसशीन तू?"

"पोरगी बापाले ओळखेपर्यंत," बाबाराव म्हणाले. त्यांनी बिलबुक पुढं ओढलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, दोन फुटी का तीन फुटी?"